जुनी जिप्सी, जुनी जीप उचलताना आणि मोठे टायर टाकताना या चुका टाळा

मारुतीची जुनी जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप दारात आली की दोन कामं लगेच होतात. गाडी उचलली जाते आणि मोठे टायर चढतात, बहुतेकदा याच क्रमाने. पुढे वर्षभर स्टिअरिंग थरथरतं, क्रॉस (चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे) वाजतात, टायर मडगार्डला घासतात, त्याचं मूळ शोधत गेलं की पुष्कळदा या क्रमाशीच येऊन थांबतं. साताऱ्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे कुणी "तीन इंच उचला" म्हणत आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "मालक, टायर कुठलं टाकायचं ते आधी ठरवा. गाडी किती उचलायची ते मग मी सांगतो."

मलाही हेच सांगायचं आहे. गाडी कुठे चालणार ते आधी, त्यावरून टायर, आणि तो टायर न घासता फिरेल एवढीच लिफ्ट, म्हणजे गाडी उचलणं.

लिफ्टने गाडीचा तळ वर जातो, हा समज

ज्या गाडीला सरळ ॲक्सल आहे, तिचा जमिनीच्या सगळ्यात जवळचा भाग म्हणजे डिफरन्शियल, ॲक्सलमधला गिअरचा फुगीर गोळा. ते ॲक्सलवर असतं आणि ॲक्सल चाकावर. पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बदलून, शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला टांगणारी कडी) लांब करून तुम्ही बॉडी आणि चॅसी वर नेता, डिफरन्शियल होतं तिथेच राहतं. वाटेतला जो दगड काल लागत होता तो आजही लागणार. डिफरन्शियल उचलतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच.

हिशोब घरबसल्या करता येतो. जिप्सी किंगला २०५/७० आर १५ टायर येतो. २०५ चे ७० टक्के म्हणजे १४३.५ मिलिमीटर, वर-खाली दोन्हीकडचे मिळून २८७, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ चा व्यास याच रीतीने ७०४ च्या आसपास येतो, २३५/७५ आर १५ चा ७३३, आणि ३१ इंचीचा ७८७. म्हणजे २३५/७५ टाकला तर डिफरन्शियल सव्वातीन सेंटिमीटर वर जातं. ऐकायला कमी वाटतं, पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर तेवढंच पुरतं.

लिफ्टचा उपयोग वेगळा आहे. मोठ्या टायरला जागा मिळते, आणि पुढचा-मागचा बंपर चढ-उताराला टेकत नाही. एवढ्याच कारणासाठी ती करावी.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. ६६८ वरून ७३३ म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून "मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पार गेलं" या तक्रारीतला काही भाग नुसता मोजमापाचा असतो. पण गिअर मात्र खरोखरच लांब होतात. चढाला दुसऱ्यात ओढणारी गाडी पहिला मागते. त्याहून महत्त्वाचा आहे उतार. पसरणीचा घाट किंवा आंबेनळी उतरताना दुसऱ्या गिअरात इंजिन गाडीला जितकं धरून ठेवायचं, तितकं आता धरत नाही. राहिलेला भार ब्रेकवर येतो, आणि मोठ्या चाकाला थांबवायला त्याच ब्रेकला जास्त जोर लागतो. जिप्सीला पुढे डिस्क आहेत, जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम. ड्रमवाल्या गाडीला ३१ इंची टायर घालून पावसाळ्यात घाटात नेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. एवढा मोठा टायर हवाच असेल तर क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या गिअरचा) रेशो बदलणं आणि ब्रेक सुधारणं त्याच खर्चात धरा. ते परवडत नसेल तर एक माप खाली या.

दुसऱ्याच्या गाडीवर बघून टायर घेणं

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत जमीन इतकी बदलते की एकाचा टायर दुसऱ्याला चालेलच असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पट्ट्यात, जावळी-पाटणात, गाडी बहुतेक वेळ ओल्या डांबरावर आणि थोडा वेळ तांबड्या चिखलात असते. तिथे मोठ्या ठोकळ्यांचा मड टेरेन टायर चिखलात छान चालतो, पण ओल्या घाटरस्त्यावर पकड कमी देतो आणि आवाजही फार करतो. रोजची गाडी असेल तर डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारा ऑल टेरेनच घ्या.

पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे मुरूम, उघडा खडक आणि बाभळीचे काटे. चिखलाचा प्रश्न वर्षातले थोडेच दिवस. तिथे टायरची बाजू भक्कम हवी, कारण काटा ठोकळ्यात रुतला तर पंक्चर निघतं, बाजूच्या भिंतीत घुसला तर टायर बहुधा कायमचा जातो. रुंदीपेक्षा प्लाय (टायरचे थर) आणि लोड रेटिंग बघून टायर निवडा.

सगळ्यात फसवी जमीन कृष्णाकाठची. वाळवा, पलूस, मिरज भागातली काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाला नुसती चिकटत नाही, ती चाकाबरोबर वर येते आणि टायर व मडगार्डच्या मधे भरत जाते. शेतात शंभर-दोनशे फूट गेलं की चाक फिरायचंच थांबतं. मग खाली उतरून पारेने माती काढायची. अशा ठिकाणी मडगार्ड गच्च भरेल असा रुंद टायर नेमका उलटा पडतो. तिथे टायरच्या भोवती मोकळी जागा हवी, ठोकळ्यांमधलं अंतर मोठं हवं आणि रुंदी बेताची हवी. जुन्या जीपचा ६.०० - १६ हा अरुंद, उंच टायर उसाच्या फडात भल्याभल्या रुंद टायरपेक्षा बरा चालतो तो यामुळे.

टायर कुठलाही घ्या, पाचही एकाच मापाचे घ्या. या गाड्यांच्या फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. मागे नवे मोठे आणि पुढे जुने लहान ठेवून फोर व्हील लावलं की ताण थेट ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) जातो. लिव्हर अडकतो, गिअर रडतात. स्टेपनीही त्याच मापाची असू द्या, आणि जिप्सीच्या मागच्या दारावर ती टांगायची असेल तर बिजागऱ्या आधी तपासा.

रिमची रुंदी लोक विसरतात. जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंची आहे, तर २३५/७५ आर १५ ला किमान सहा इंची लागते. ती बदलताना फार बाहेर येणारी रिम किंवा स्पेसर घेऊ नका. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंग आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीवर) जास्त भार, आणि खड्ड्यात स्टिअरिंगला तितका मोठा झटका. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. ठोकळे नवे दिसले तरी रबर म्हातारं असू शकतं.

खचलेल्या पाट्यांवर लिफ्ट बसवणं

पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि चारही चाकांना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. डाव्या-उजव्यात फरक निघाला, किंवा तुमच्या मॉडेलच्या चांगल्या राखलेल्या गाडीपेक्षा माप कमी आलं, तर तुम्हाला लिफ्ट नको आहे, नवे मूळ पाटे आणि बुश (पाट्याच्या टोकातलं रबरी अस्तर) हवे आहेत. कित्येकांचं काम तिथेच संपतं. चॅसीवर पाट्यांचे हँगर जिथे जोडले आहेत तिथे माती खरवडून चीर आणि गंज बघा. तिथे चीर असेल तर लिफ्टचा विचार सध्या सोडून द्या.

पाट्याला गॅसने तापवून कमान देण्याचं काम कुणी सुचवलं तर नाही म्हणा. तापवलेल्या जागी स्प्रिंगच्या पोलादाचा टेंपर जातो, गाडी काही दिवस उंच दिसते, मग पाटा पुन्हा बसतो किंवा तिथेच तुटतो.

लांब शॅकल हा सगळ्यात स्वस्त उपाय. दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. एक इंचापुरतं हे चालतं. त्यापुढे गेलात तर त्रास सुरू होतो, कारण जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की ॲक्सल फिरतो, किंगपिनचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळण घेऊन सोडलेलं स्टिअरिंग मग आपोआप सरळ होत नाही, आणि हायवेला गाडी भरकटते. पाटा आणि ॲक्सलच्या मधे योग्य कोनाची पोलादी पाचर घालून हे दुरुस्त होतं. ॲल्युमिनियमची पाचर पुढच्या ॲक्सलला नको, ती चिरडते.

जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की साधारण पाच इंच उंची एकदम मिळते, म्हणून हा मोह फार. पण मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते, क्लच सोडताना मागचा ॲक्सल पाट्यांना पीळ देतो, प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) कोन वाढतात. स्पर्धेच्या गाडीला हे सगळं नीट बांधून घेता येतं. कास-बामणोलीला घरच्यांना घेऊन जायच्या गाडीला ते कशासाठी? २३५/७५ टायरला साधारण दोन इंच लिफ्ट आणि गरज पडली तर मडगार्डची थोडी छाटणी पुरते.

(कासचं नाव आलंच आहे तर, गाडी डांबरावरच ठेवा. पठारावर जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि एका चाकोरीत तो कायमचा जातो.)

२०१० नंतरच्या महिंद्राच्या जुन्या सीआरडीई थारचं गणित वेगळं, तिला पुढे पाट्याऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब) आहे. त्याचा बोल्ट पिळला की पुढून गाडी उठते आणि एक पैसा लागत नाही. पण तेवढ्याच प्रमाणात चाकाची खाली जायची जागा संपते, खड्ड्यात वरून ठण्ण आवाज येतो आणि ॲक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटू लागतात. थोडंसं पिळून थांबा.

बिघाड ऐकून ओळखायचा कसा

लिफ्टनंतर पन्नास-साठच्या वेगाला, खड्डा गेल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरू लागलं तर पहिला संशय कॅस्टरवर, मग किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्या. दुकानदार स्टिअरिंग डॅम्पर विकेल. तो थरथर दाबतो, सांध्यांतला ढिलेपणा तसाच राहतो.

खालून घूं-घूं आवाज, आणि ॲक्सिलरेटर सोडला की तो बदलतो, तर प्रॉपेलर शाफ्टचे कोन बघा. शाफ्ट जितका आखूड, तितका हा त्रास लवकर होतो. क्रॉस बदलून आवाज महिनाभर जातो आणि परत येतो, कारण कोन तोच असतो.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचते आणि ब्रेक तर ठीक आहेत, तर ड्रॅग लिंक तपासा. स्टिअरिंग वाकडं बसलं असेल तर ते काढून दाते बदलून लावू नका, ड्रॅग लिंकच्या लांबीनेच मध्यावर आणा.

घासण्याची परीक्षा रिकाम्या रस्त्यावर होत नाही. शेताच्या बांधावर एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाक चढवा. गाडीत माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, आणि कुणीतरी टॉर्च घेऊन खाली वाकून बघा. टायरच्या आतल्या बाजूला चकचकीत पट्टा आणि समोर पाट्याच्या कडेवर काळं रबर दिसलं तर तिथे घासतं आहे, स्टिअरिंगचं वळण अडवणारा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढा. त्याच वेळी लोंबत्या चाकाकडचा ब्रेकचा होज हाताने चाचपा. तो ताठ ओढलेला असेल तर गाडी त्या दिवशी रस्त्यावर नेऊ नका, आधी लांब होज बसवा. शॉकअपचंही तेच, चाक त्याच्यावर लटकता कामा नये. आणि बसलेल्या चाकाकडे बम्प स्टॉपरच्या (चाक फार वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी टायर मडगार्डला लागत असेल तर स्टॉपर उंच करा.

हवेचं माप मूळ टायरचं चालत नाही. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा, सपाट डांबरावर थोडं अंतर जा आणि बघा. फक्त मधली रेघ पुसली तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी. जिप्सीसारख्या हलक्या गाडीत बहुधा हवा जास्तच निघते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. यातल्या बहुतेक गाड्या १५ वर्षांपलीकडच्या, दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला एमएच-११ (सातारा), एमएच-५० (कराड) किंवा एमएच-१० (सांगली) च्या कार्यालयात उभ्या राहणार. बदल करण्याआधीच आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करा. मूळ पाटे, रिम, शॅकल भंगारात देऊ नका.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी मिस्त्रींसमोरच करून घ्या. पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच लावलेले असावेत, आणि बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना आवळलेले असावेत. जॅकवर आवळलेला बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. नंतर २००-३०० किलोमीटर झाले की परत गॅरेजला जाऊन यू बोल्ट, शॅकल आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे तोपर्यंत बसलेले असतात, त्यामुळे तेव्हाच हबपासून मडगार्डचं माप पुन्हा घ्या आणि हेडलाइटचा झोतही खाली उतरवून घ्या.