अवघड होल ग्रीनकडून टीकडे वाचा

गोल्फमध्ये टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) पोचताच ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब (काठी), बाहेर काढायची सवय अवघड कोर्सवर महागात पडते. आधी ग्रीनकडे, म्हणजे शेवटच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे बघा. आज पिन (खळग्यातली झेंड्याची काठी) कुठे आहे, ग्रीनवर जायला मोकळी वाट कोणत्या बाजूने आहे, तिथे कुठून मारणं सोपं जाईल, हे ठरलं की टीवरचा क्लब आपोआप ठरतो.

समजा, ३७० यार्डांचा पार-४ (चार फटक्यांत संपवायचा होल) आहे आणि २२० यार्डांवर फेअरवे बंकर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातला (फेअरवे) वाळूचा खड्डा. तुमचा ड्रायव्हर २१० ते २३० जात असेल तर तो नेमका बंकरसाठीच बनलाय. १९५ जाणारा हायब्रिड घेतला तर १७५ उरतात. लांब वाटतात, पण वाळूतून १५० मारण्यापेक्षा गवतावरून १७५ मारणं बरं. मात्र समोर काहीच धोका नसताना नुसत्या भीतीने मागे थांबू नका. मोकळ्या होलवर जितकं जवळ जाल तितकं चांगलं.

धोका उजवीकडे असेल तर टीच्या उजव्या कडेला चेंडू लावा आणि डावीकडे नेम धरा. नवखे नेमकं उलट करतात, धोक्यापासून लांब उभे राहतात आणि तोंड त्याच्याच दिशेने करतात.

खुंट्यांचा रंग आधीच बघून ठेवा. लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या धोक्याच्या जागेत) चेंडू गेला तर एका स्ट्रोकच्या (फटक्याच्या) दंडावर, चेंडू जिथून आत शिरला तिथून दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हाताने खाली सोडून पुढे खेळता येतं. पिवळ्यात ही बाजूची सोय नाही. पांढऱ्या खुंट्या म्हणजे आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर): दंडही आणि मागे जाऊन पुन्हा मारणंही. म्हणून डावीकडे लाल आणि उजवीकडे पांढऱ्या असतील तर चूक डावीकडे झालेली परवडते. शंका असेल तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारा. पहिला शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

ग्रीनकडे मारताना बहुतेकांचं गणित पिनवर चुकतं. एकाच क्लबने वीस चेंडू मारा आणि ते किती रुंदीत आणि किती लांबीत विखुरतात ते पाहा. तो सगळा पसारा सुरक्षित जागेत बसेल असा नेम धरायचा. पिन त्या पसाऱ्याच्या कडेला आली तरी चालेल. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचा १५५ यार्डांचा बारावा होल याचा उत्तम धडा आहे. तिथे ग्रीन तिरकं आहे, उजवी बाजू जास्त लांब, आणि पुढे ओढा. उजव्या हाताच्या खेळाडूचा कमजोर फटका उजवीकडे आणि आखूड पडतो, म्हणजे थेट पाण्यात. तिथेच होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या २०१९च्या शेवटच्या दिवशी पिन उजवीकडे होती. मोलिनारी, फिनाऊ, केप्का आणि पोल्टर या चौघा खेळाडूंचेही चेंडू ओढ्यात गेले. टायगर वुड्सने मात्र पिन सोडून ग्रीनच्या डाव्या भागावर मारलं, दोन पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवणाऱ्या फटक्यांत) पार घेतला आणि स्पर्धा जिंकली.

अंतर मोजताना पिनपेक्षा ग्रीनच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे आकडे जास्त कामाचे. त्यात वारा धरा. ढोबळ हिशोब असा की समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल तर अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढतं, पण तोच वारा पाठीमागून आला तर फक्त ५ टक्के मिळतात. म्हणजे १५० चे समोरून १६५ होतात, मागून १४२-१४३. विरुद्ध वाऱ्यात जोर लावू नका. जोराने फिरकी वाढते आणि चेंडू आणखी वर चढून तिथेच मरतो. एक-दोन क्लब मोठा घ्या आणि सावकाश मारा.

उतार असलेल्या ग्रीनवर होलच्या खालच्या बाजूला राहा. चढावरचा दहा फुटी पट उतारावरच्या पाच फुटी पटपेक्षा निर्धास्त मारता येतो. चिप (ग्रीनजवळून छोटा फटका) करतानाही हेच लक्षात ठेवा. पिन ज्या कडेजवळ आहे त्याच बाजूला ग्रीन चुकलात तर चेंडू थांबवायला जागाच उरत नाही.

झाडांत अडकलात तर फांद्यांमधली फट शोधत बसू नका. आडवा मारून फेअरवेवर या. एक स्ट्रोक जातो. फांदीला लागून चेंडू आणखी आत गेला तर दोन-तीन जातात. होलच्या स्ट्रोक इंडेक्सनुसार (होलच्या अवघडपणाचा क्रमांक) तुम्हाला तिथे एक जादा स्ट्रोक मिळत असेल तर तो पार-४ तुमच्यासाठी पार-५ आहे; तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचण्याची योजना टीवरच आखा.