वायफाय नसलेला टीव्ही नेटवर कसा आणला

आमचा टीव्ही स्मार्ट, पण वायफाय नसलेला; मागे फक्त लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खोचायची जागा. राउटर हॉलमध्ये, टीव्ही आतल्या खोलीत, आणि भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की घरमालकांच्या कपाळाला आठ्या.

दुकानात अशा वेळी यूएसबीत खोचायचा वायफाय डोंगल गळ्यात मारतात. लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) टाकता येतो. पण टीव्हीत कंपनीने जे भरलंय तेवढंच चालतं. म्हणून मी लॅन पोर्टवाला छोटा ट्रॅव्हल राउटर घेतला आणि ‘क्लायंट मोड’वर टाकला. तो घरचं वायफाय पकडतो नि वायरीतून टीव्हीला देतो. टीव्हीच्या लेखी साधी केबलच जोडलेली, त्यामुळे ड्रायव्हरची भानगडच नाही. टीव्हीत ‘वायर्ड’ निवडलं, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ‘ऑटो’, झालं.

तरी चित्र मधूनच गोल गोल फिरत बसायचं. ट्रॅव्हल राउटरची डबी टीव्हीच्या पाठच्या पत्र्याला चिकटून होती. मीटरभर लॅन केबल लावून ती कपाटावर ठेवली, आणि सिग्नल लगेच सुधारला. वायफायचा 5 गिगाहर्ट्झ बँड भिंतीपलीकडे लवकर दमतो, म्हणून 2.4 वरच ठेवलंय. एचडीला साधारण 5 एमबीपीएस लागतात, तेवढे आरामात मिळतात.

डबीला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. टीव्ही बंद केला की बऱ्याचदा तीही जाते, मग मालिका सुरू झाली तरी नेट येतंच आहे! मोबाइलचा 5 व्होल्टचा जुना चार्जर उत्तम. पुढे पाच पोर्टचा नेटवर्क स्विच (एका लॅन केबलच्या अनेक करणारी डबी) लावून सेट टॉप बॉक्सही त्यावरच घेतला.