ज्युराच्या वाइन्स चाखताना: आधी पिंपाची चौकशी करा, मग द्राक्षाची

पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा भागाच्या वाइन्स चाखायला बसणार असाल, तर नेहमीचा क्रम आधी डोक्यातून काढून टाका. आधी पांढरी, मग लाल ही शिस्त तिथे उलटी चालते. तिथले बागायतदार लाल वाइन आधी ओततात, पांढरी नंतर आणि पिवळी सगळ्यात शेवटी. कारण तिथली लाल नाजूक असते आणि पांढरी दांडगी. पांढरीने सुरुवात केलीत तर दुसऱ्या बाटलीलाच जीभ दमते आणि पुढची लाल नुसती पाणचट लागते.

मी दिजाँमध्ये राहतो, म्हणजे भर बर्गंडीत. इथल्या वाइनवाल्यांसमोर ज्युराचं नाव काढलं की ते किंचित हसतात. हसू देत. सोन नदीचं खोरं पूर्वेकडे ओलांडलं की स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत हा डोंगराळ भाग लागतो. त्याच्या पायथ्याला दक्षिणोत्तर ऐंशीएक किलोमीटरचा चिंचोळा पट्टा, आणि त्यात द्राक्षबागा साधारण २,००० हेक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीने वेली खाण्यापूर्वी याच्या जवळजवळ दहापट होत्या. आज माल कमी, त्यामुळे बाहेर पोहोचतो तोही कमी. पण मान जुना आहे: १९३६ साली फ्रान्सने वाइनच्या गावांना कायद्याने नाव राखून द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच खेपेत ज्युरातल्या आर्ब्वा गावाचं नाव होतं. लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला तो याच आर्ब्वात, आणि वाइन का बिघडते याचा अभ्यासही त्याने इथेच केला.

आता खरेदी. पाच बाटल्या पुरतात: एक पुल्सार आणि एक त्रुसो (या दोन लाल द्राक्षांच्या), सावान्यँ या पांढऱ्या द्राक्षाच्या दोन वेगवेगळ्या, आणि एक व्हँ झोन, म्हणजे ती पिवळी. पांढरी शार्दोने सहावी घेतलीत तर उत्तम. लाल पिनो न्वार तिथेही होते, पण तिच्यासाठी ज्युराला जायची गरज नाही. शक्यतो एकाच बागायतदाराच्या बाटल्या घ्या. चार वेगळ्या घरच्या चार वाइन्स शेजारी ठेवल्या की फरक द्राक्षाचा की हाताचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

सावान्यँच्या दोन बाटल्या का, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. ज्युराची खरी गोम तिथेच आहे. पिंपात वाइन ठेवली की ती लाकडातून हळूहळू उडत जाते आणि वर मोकळी जागा तयार होते. बहुतेक ठिकाणी ती जागा सारखी भरून काढतात, म्हणजे हवा लागत नाही. ज्युरात अशा वाइनला ‘उइए’ म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे ती जागा मुद्दाम तशीच सोडायची. मग वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ, करडी साय धरते. ही साय हवेला पूर्ण आत येऊ देत नाही आणि पूर्ण अडवतही नाही. तिच्याखाली वाइनची चव मुळापासून बदलते. हिला ‘सू व्वाल’ म्हणतात. तेच द्राक्ष, कधीकधी तीच बाग, तेच साल, आणि तरी ग्लासात दोन परक्या वाइन्स. म्हणून ज्युराच्या बाटलीबद्दल पहिला प्रश्न ‘द्राक्ष कुठलं’ हा नसतो. ‘पिंप भरलं होतं का’ हा असतो.

पंचाईत अशी की लेबलावर हे नेहमी लिहिलेलं नसतं. ‘उइए’ किंवा ‘फ्लोराल’ दिसलं तर पिंप भरलेलं. आर्ब्वाकडे ‘नात्युरे’ लिहिलेलं असेल तर तेही सावान्यँच, आणि बहुधा भरलेल्या पिंपातलं. ‘त्रादिस्यों’ किंवा ‘तिपे’ दिसलं तर सायीखालची समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा. तिथे या प्रश्नाला कोणी हसत नाही, उलट तुमच्याकडे जरा नीट बघायला लागतात.

तयारी फार लागत नाही. सगळे ग्लास एकाच आकाराचे हवेत, तोंडाकडे निमुळते. प्रत्येकासमोर निदान दोन, कारण शेजारी ठेवल्याशिवाय तुलना होत नाही. एक पिऊन, धुऊन, मग दुसरी, असं केलंत तर तुम्ही आठवणीशी तुलना करता, वाइनशी नाही. ओतायचं चार-पाच सेंटिलिटर, त्याहून जास्त नको. थुंकायला भांडं ठेवा आणि त्याची लाज बाळगू नका. साधा पाव आणि पाणी पुरे. अत्तर लावून आलेल्या माणसाला खिडकीपाशी बसवा.

लाल वाइन्स तेरा-चौदा अंशांवर द्या, म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर. पुल्सारची साल इतकी पातळ असते की वाइन जेमतेम गुलाबी दिसते. रंग बघूनच लोक तिला हलकी ठरवून टाकतात. यावर माझा एक उपाय आहे: पहिला घोट चिनी मातीच्या कपातून द्यायचा. रंग दिसला नाही की माणूस चवीबद्दल बोलायला लागतो, आणि मग तिच्यातली माती, सुकलेली फुलं, लाल बेरीचा आंबटपणा सापडतो. बाटली उघडल्यावर कधी उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. पुल्सारला ही खोड आहे. ग्लास जोरात फिरवा, अर्धा तास थांबा, बहुतेक वेळा तो उडून जातो. नाही गेला तर मात्र बाटलीच तशी आहे.

मग त्रुसो. हिला ऊन जास्त लागतं आणि खड्याळ, लवकर तापणारी जमीन मानवते. मोंतिन्यी-ले-आर्स्युर हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे, तसं प्युपियँ पुल्सारसाठी. पुल्सारनंतर लगेच त्रुसोचा घोट घेतला की हिरड्यांवर जो तुरटपणा चढतो, तोच या दोघींमधला मुख्य फरक. वासाच्या याद्या करत बसू नका. दोन्ही ग्लास हातात घ्या आणि फक्त एवढं लिहा: कुठली जास्त तुरट, कुठली जास्त आंबट, कुठली जास्त वेळ राहिली.

पांढऱ्यांकडे वळण्याआधी दहा मिनिटं जाऊ द्या. शार्दोने आणली असेल तर ती पहिली. ती लेत्वाल गावची असेल तर फारच छान. तिथल्या जमिनीत चांदणीच्या आकाराचे जीवाश्म सापडतात. मग सावान्यँ उइए: लिंबू, हिरवं सफरचंद, जिभेच्या कडांना झोंबणारी आंबटाई, शेवटी थोडा खारटपणा. हा ग्लास रिकामा करू नका, तळाशी दोन घोट ठेवा. आता सायीखालची सावान्यँ शेजारच्या ग्लासात ओता आणि आधी नुसता वास घ्या. एकदा हा, एकदा तो, पुन्हा हा. आंबटाई दोन्हींत तीच आहे हे लक्षात येईल. वरचं सगळं बदललेलं असेल: अक्रोड, कापलेलं आणि काळं पडलेलं सफरचंद, सुकलेले मश्रूम.

यानंतर व्हँ झोन. नियम कडक आहेत: द्राक्ष फक्त सावान्यँ, कापणीनंतर सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत पिंपात, त्यातली निदान ६० महिने सायीखाली, आणि मध्ये भर घालायची नाही. २०१७ च्या कापणीची बाटली बाजारात आली ती २०२४ मध्ये. बाटलीही वेगळी, ठेंगणी आणि रुंद खांद्यांची, ६२ सेंटिलिटरची. तिला क्लाव्हलँ म्हणतात. एक लिटर वाइन पिंपात इतकी वर्षं ठेवली की उरते ती एवढीच, असा तिथला हिशोब.

गेल्या हिवाळ्यात माझा मेहुणा आला होता. मी त्याला काही न सांगता ग्लास पुढे केला. त्याने नाक खुपसलं, झटकन मागे घेतलं.

“दाजी, ही बाटली गेलेली आहे.”

“थांब जरा. पिऊ नकोस, नुसता वास घे. काय आठवतंय?”

त्याने डोळे मिटले. “मेथी. भाजलेली मेथी. आणि कुठलातरी मसाला.”

त्याचं नाक एकदम बरोबर होतं. मेथीदाण्याला तो वास येतो सोटोलॉन नावाच्या द्रव्यामुळे, आणि सायीखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या वाइनमध्ये तेच तयार होतं. म्हणून वाइन ‘खराब’ आहे असं वाटलं तर लगेच निकाल देऊ नका. खरंच बिघडलेल्या पिंपात वास व्हिनेगरचा येतो, नाकाला टोचणारा. बागायतदार त्याचीच सारखी तपासणी करत असतात. अक्रोड-मेथीचा वास टोचत नाही, पसरतो.

व्हँ झोन थंडगार देऊ नका. चौदा ते सोळा अंश हवेत, आणि बाटली काही तास आधी, जमलं तर आदल्या दिवशी उघडा. घोट अगदी छोटा घ्या, तोंडभर फिरवा, गिळा किंवा थुंका आणि मनात सेकंद मोजा. फ्रेंच लोक या एका सेकंदाला ‘कोदाली’ म्हणतात. चव किती वेळ टिकते ते प्रत्येक वाइनपुढे लिहा. पुल्सारच्या आकड्याशेजारी व्हँ झोनचा आकडा आला की तुमची वही माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

मग कोंते चीज काढा, त्याआधी नाही. कोंते जुनं असेल, वर्ष-दीड वर्षाचं, तर त्यातही अक्रोडाची चव असते. वाइन, चीज, पुन्हा वाइन, या क्रमाने घ्या. दुसऱ्या घोटाला आंबटपणा कमी लागेल. याच चीजबरोबर पुल्सार घेऊन बघा, ती पार दबून जाते.

एवढ्यावर चटक लागली तर पुढची पायरी म्हणजे दोन पिवळ्या, एकाच सालच्या: एक आर्ब्वाची, एक शातो-शालोंची. शातो-शालों हे कड्यावर वसलेलं गाव, खाली उतारावर करड्या-निळसर मार्ल (चुनामिश्रित चिकण) मातीच्या बागा, आणि या नावाने फक्त व्हँ झोनच विकता येते. कापणीआधी समिती बागेत जाऊन द्राक्षं तपासते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षी माल कसोटीला उतरला नाही म्हणून गावाने आपलं नावच वापरलं नाही. मला शातो-शालों जास्त आखडलेली, उशिरा बोलणारी वाटते; आर्ब्वाची लवकर मोकळी होते. पण हे माझं मत, आणि बागायतदारागणिक ते हलतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर छोट्या बागायतदारांना आधी फोन करा. पुष्कळांकडे विकायला बाटलीच शिल्लक नसते, आणि २०२१ च्या वसंतातल्या दंवाने पीक मारल्यावर तर फारच टंचाई होती. फोन उचलला नाही तर सहकारी संस्था आहेत, त्यांना ‘फ्रुइतिएर’ म्हणतात. आर्ब्वातली १९०६ पासून चालू आहे. तळघरात नेलं तर बघा, पिंपातून नमुना वरच्या भोकातून काढत नाहीत. पिंपाच्या सपाट तोंडाला बसवलेल्या बारीक तोटीतून काढतात, म्हणजे वरची साय फाटत नाही. दारात गाडी उभी असेल तर थुंकायलाच हवं. फ्रान्समध्ये मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमची आहे.

गोड वाइन्समध्ये मी फार रमत नाही. व्हँ द पाय ही सुकवलेल्या द्राक्षांची, अर्ध्या बाटलीत मिळते. माकव्हँमध्ये न आंबवलेल्या रसात द्राक्षाची ब्रँडी घालतात. दोन्ही असल्या तर सगळ्यात शेवटी द्या, पिवळीच्याही नंतर.

पिवळी उरली तर बूच लावून थंड जागी उभी ठेवा. बाकीच्या वाइन्स दोन-तीन दिवसांत उतरतात, ही कित्येक आठवडे टिकते. माझ्याकडे एक क्लाव्हलँ बहुतेक उघडीच असते. नवी सावान्यँ आणली की तिच्या शेजारी या बाटलीतला अंगठ्याएवढा घोट ओततो, आणि पिंप भरलेलं होतं की नव्हतं, हे लेबल न वाचता ठरवतो.