गाडीवरचे डांबराचे ठिपके खोबरेल तेलाने काढा

घोडबंदर रोडला डांबरीकरण चालू असलं की दाराच्या खालच्या बाजूला काळे ठिपके बसतातच, आणि ते नखाने नाहीतर घासणीने खरवडले की कलरवर कायमचे ओरखडे येतात, प्लीज असं करू नका.

1. आधी भरपूर पाणी मारून धूळमाती काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर तीच माती कलरवर घासली जाते.
2. गाडी सावलीत, पत्रा गार असताना कापसावर खोबरेल तेल घेऊन ठिपक्यावर 10 मिनिटं दाबून ठेवा, मग मायक्रोफायबरने हलकेच पुसा. जुना डाग दोन-तीनदा करावा लागतो.
3. कार शाम्पूने धुवा, तेलावर धूळ चिकटते.

थिनर अजिबात लावू नका, डांबराबरोबर कलरही उतरतो.