उल्का आणि ग्रहणाचे फोटो: चिकटपट्टी विसरू नका

दर ऑगस्टमध्ये कोणीतरी मेसेज करतंच की १२-१३ तारखेला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आहे, कॅमेरा घेऊन कुठे जाऊ. कुठे नाही, घरी बसा, भजी करा. पुण्यात तेव्हा ढगांशिवाय काही दिसत नाही. आपला सीझन म्हणजे डिसेंबर, १३-१४ च्या रात्रीचा मिथुन राशीतला वर्षाव, आणि २०२६ मध्ये तर अमावस्या ९ डिसेंबरला आहे, म्हणजे चंद्राची कोर रात्री दहाच्या आसपास मावळली की पुढे सगळी रात्र आपलीच.

शहरातून प्रयत्न करू नका, आकाश नारिंगी येतं. वेल्ह्याकडे, पानशेतच्या पुढे किंवा भोरच्या बाजूला जा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वेल्ह्यातून पुण्याचा उजेड ईशान्येला दिसतो आणि मिथुन रासही साधारण तिकडूनच उगवते, त्यामुळे सुरुवातीला कॅमेरा तिकडे लावून उपयोग नाही, आग्नेयेला मृगाकडे वगैरे लावा. उल्का आकाशात कुठेही दिसू शकते, फक्त तिची रेघ मागे नेली तर मिथुनेतल्या पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ पोचते. रात्री दोनच्या सुमारास मिथुन जवळजवळ डोक्यावर असते, खरी मजा तेव्हाच.

महागडी लेन्स नसली तरी चालतं. कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-५५ एमएमची किट लेन्स, १८ वर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, आणि शटर १५ सेकंद उघडं. १५ का, तर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने, म्हणजे इथे १८ ने, भागायचं आणि क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर १.५ नेही भागायचं, साधारण १८ येतात, त्याच्या पुढे गेलात की तारे लांबट होतात. मग इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप शटर दाबणारं यंत्र) लावून एक सेकंदाच्या गॅपने फोटो काढत राहायचं, तासाला सव्वादोनशे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करायची सेटिंग) बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा अजून १५ सेकंद स्वतःशीच काहीतरी करत बसतो आणि अर्धी रात्र तिथेच जाते. ट्रायपॉडवर असाल तर लेन्सचं स्टॅबिलायझेशनही (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद.

आता फोकस, सगळे इथेच मार खातात. ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, व्याध नाहीतर रोहिणीचा तारा दहापट मोठा करून लेन्सवरची फोकसची रिंग हळूहळू फिरवायची, तारा बारीक टिंब झाला की रिंगवर लगेच चिकटपट्टी मारायची. मी पहिल्या वर्षी चिकटपट्टी मारली नव्हती. रात्री साडेअकराला शेतातून एक काका बॅटरी घेऊन आले, "काय हरवलंय का पावणं?" म्हणून, त्यांना समजावता समजावता कॅमेरा जरा सरकवला आणि बोट रिंगला लागलं असणार. पहाटेपर्यंत सातशे फोटो, सगळ्यात तारे साबुदाण्याएवढे. एक मस्त हिरवट उल्का होती त्यात, तीही फुगलेली.

दवाचंही तसंच. पहाटे लेन्सवर दव बसतं आणि अंधारात कळत नाही. जुन्या मोज्यात हॅण्ड वॉर्मर घालून लेन्सभोवती बांधा, दर अर्ध्या तासाने लाल टॉर्चने काच बघा. जादाची बॅटरी खिशात ठेवा, थंडीत ती लवकर बसते.

घरी आल्यावर प्रत्येक रेघ उल्का समजू नका. तीच रेघ पुढच्या फोटोत पुढे सरकलेली असेल तर सॅटेलाइट, ठिपक्याठिपक्यांची असेल तर विमान. उल्का बहुतेक वेळा एकाच फोटोत येते आणि दोन्ही टोकांना निमुळती असते.

चंद्रग्रहणाला गावाबाहेर जायची गरज नाही, गच्ची पुरते. २५० एमएमच्या लेन्सने चंद्र सेन्सरवर सव्वादोन मिलीमीटरचा येतो, तेवढ्यावर समाधान माना. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ८, १/२५० पासून सुरू करा, पण खग्रास झाला की तो इतका अंधारतो की आयएसओ १६०० आणि एक सेकंद लागतो, आणि मधल्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी शटर बदलत राहावं लागतं. फोकस आधीच, चंद्र उजळ असतानाच करून चिकटपट्टी मारा, लाल झाल्यावर ऑटोफोकस नुसता घरघरतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, अकरानंतर ढगांच्या फटीतून मला सहा फोटो मिळाले, ते पट्टीमुळेच.

सूर्यग्रहणाचं एकच, सोलर फिल्टर लेन्सच्या पुढे लावा आणि सूर्य स्क्रीनवरच बघा, व्ह्यूफाइंडरमधून नाही. एक्स-रे फिल्म अजिबात नको. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास आहे पण पुन्हा पावसाळाच. मी वाट बघतोय ती ३१ डिसेंबर २०२८ ची, पुण्यातून रात्री पावणेदहा ते अकरा खग्रास चंद्रग्रहण, फक्त आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या रात्री डीजे असतो, त्यामुळे ट्रायपॉड कुठे लावायचा ते आतापासूनच बघतोय.