कूलंट जाते कुठे? प्रेशर टेस्टचा माझा अनुभव

खंबाटकी घाट चढताना आमच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लालकडे सरकू लागला आणि टाकीतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दर आठवड्याला बोटभर कमी होऊ लागले. गाडीखाली मात्र थेंबही दिसत नव्हता. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) बदलण्याचा सल्ला मिळाला, पण गळती शोधण्याआधी सुटे भाग बदलत बसणे मला पटले नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते) रेडिएटरच्या तोंडावर उसना आणलेला प्रेशर टेस्टर (दाब देणारा आणि तो काट्यावर दाखवणारा हातपंप) बसवला आणि झाकणावर छापलेल्या १.१ बारपर्यंतच दाब दिला. १५ मिनिटांत टेस्टरचा काटा ०.८ वर आला, म्हणजे कुठेतरी गळती होती. होज (रबरी नळ्या), रेडिएटर, हीटरचे जोड, सारे कोरडे. शेवटी टॉर्चच्या उजेडात कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्राशी हिरवट पांढरी पापडी आणि तिच्यावर हळूहळू फुगणारा एक थेंब दिसला. आतले सील खराब झाल्याचे कळावे म्हणूनच हे छिद्र ठेवलेले असते. गळती दाबाखालीच होत असल्याने आणि तापलेल्या इंजिनावर थेंब लगेच वाळत असल्याने ती इतके दिवस लपून राहिली होती.

पंप व गॅस्केट बदलून, नवे कूलंट भरून आणि अडकलेली हवा काढून पुन्हा तीच चाचणी घेतली, तेव्हा काटा जागचा हलला नाही.