नाशिकच्या गारठ्यात सायकल: जास्त कपडे घालू नका, उतारावर सांभाळा

पारा दहाच्या खाली आला की नाशकात सायकलवाल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, संक्रांतीपर्यंत सायकल झाकून ठेवा. दुसरा, भरपूर गरम कपडे घालून निघा. पहिल्या सल्ल्यानं फार तर महिनाभराचा सराव बुडतो. दुसरा ऐकणारी माणसं मात्र तासाभरानं दात वाजवत परत येतात आणि "थंडीत सायकल आपलं काम नाही" असं कायमचं ठरवून टाकतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्यांच्या गावात तरी हे होऊ नये.

नाशिकची थंडी कोरडी आणि दिवसभरात रंग बदलणारी. जानेवारीत पहाटे ८ अंश आणि त्याच रस्त्यावर दुपारी २७-२८ हे इथं नेहमीचं. त्यामुळे आपली अडचण गारठ्यापेक्षा घामाची जास्त असते. खालचं सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

हेल्मेट, दिवे, पंक्चरचं सामान, पाण्याची बाटली हे तुमच्याकडे आहेच असं धरतो. हवा मात्र निघण्यापूर्वी मोजा. दुपारच्या उन्हात ८० पीएसआय भरलेली ट्यूब पहाटे पाच-सहा पीएसआय कमी दाखवते. ती गळती नसते, हवा थंड होऊन आकसलेली असते.

वेळ

"थोडं उजाडू दे, मग थंडी कमी होईल" हे चूक आहे. जमीन रात्रभर उष्णता सोडत असते, आणि सूर्य जरा वर येऊन तिला तापवेपर्यंत पारा उतरतच राहतो. दिवसातली सर्वांत कडक थंडी सूर्योदयाच्या आसपास असते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे साडेसहाला निघणारा माणूस नेमका सर्वांत गार तास निवडून घेतो. कामावर जायची घाई नसेल तर साडेसातला निघा. लवकर निघणंच भाग असेल तर सातच्या सुमाराला गारठा वाढणार हे धरून कपडे न्या.

रस्ता

थंड हवा जड असते, ती रात्री खोलगट भागात उतरून बसते. आनंदवल्लीकडून नदीकडे वळलं की, किंवा पुणे रस्त्यावर चेहेडीला दारणेच्या पुलावर आलं की एकदम फ्रिजचं दार उघडल्यासारखं वाटतं ते यामुळेच. निफाडची थंडी पेपरात गाजते त्यामागेही तिथला सखल, नदीकाठचा मुलूख आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा नाशिकपेक्षा बहुधा दोन-तीन अंशांनी खाली असतो. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला सायकलनं जाणार असाल तर घरच्या खिडकीतून थंडीचा अंदाज बांधू नका. नवख्यानं पहिले काही दिवस सोमेश्वर ते गंगापूर धरण एवढंच करावं.

कपडे

घरातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर तुम्ही जास्त कपडे घातले आहेत. मागे फिरा आणि एक उतरवा.

अंगाला चिकटून सुती बनियन नको. सुती कापड घाम पितं आणि तसंच ओलं राहतं. सिंथेटिक, लवकर वाळणारा टी-शर्ट आत, त्यावर पूर्ण बाह्यांचा दुसरा, आणि सर्वांत वर चेनवाला, वारा न शिरणारा, घडी करून खिशात मावणारा पातळ विंडचीटर. बस्स. आईनं विणलेला स्वेटर प्रेमाचा असेल, पण त्याच्या प्रत्येक टाक्यातून वारा आत येतो. घालायचाच असेल तर विंडचीटरच्या आत घाला. हेल्मेटखाली जाड कानटोपी कोंबू नका, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. कान झाकणारी पातळ पट्टी पुरते. गुडघे झाका, माझ्या मते हे तरुणांनीही ऐकावं. मफलरचं मोकळं टोक चाकात जाऊ शकतं, तेव्हा मफलर घरीच.

पहिली वीस मिनिटं

हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच जोरात. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंडीत जोर लावूच नये.

चढ संपतो ती जागा

आता मूळ मुद्द्यावर येतो. याच टप्प्यानं मला सुरुवातीचे हिवाळे छळलं, आणि याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं.

नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणारा घाट घ्या. साधारण दहा किलोमीटर चढ. सायकल ताशी आठ-नऊच्या वेगानं सरकते, समोरून वारा जवळजवळ नाही, आणि पाय पूर्ण ताकदीनं चालू. हवा ८ अंशांची असली तरी पाठ भिजते. माथ्यावर पोचल्यावर माणूस काय करतो? सायकल टेकवतो, फोटो काढतो, चहा सांगतो. तेवढ्या वेळात अंगातला घाम गार होतो. मग तो तसाच, ओल्या अंगानं, उतार सुरू करतो. आता पाय थांबलेले, म्हणजे शरीर उष्णता तयार करत नाही. वेग पस्तीस-चाळीस, म्हणजे वारा आपणच तयार केलेला. ८ अंशांची हवा त्या वेगात उघड्या कातडीला तीन-चार अंशांसारखी लागते, ओल्या कपड्यात त्याहून वाईट. दोन वळणांनंतर हुडहुडी भरते, हात थरथरतात, त्यांच्याबरोबर हँडल थरथरतं, आणि बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागते. घाटात अशी पाळी येणं म्हणजे सरळ धोका आहे.

म्हणून तयारी चढाच्या पायथ्याशीच सुरू होते. नांदुरीतच विंडचीटर काढा, घडी करून पाठीला किंवा पिशवीत ठेवा, आतल्या शर्टाची चेन छातीपर्यंत उघडा. लोक बघतील, बघू द्या. विंडचीटर घालून घाट चढणारा माणूस माथ्यावर भिजलेला विंडचीटर घेऊन पोचतो, आणि ज्या कपड्यानं उतारावर वाचवायचं तोच ओला झालेला असतो. शेवटचा अर्धा किलोमीटर मुद्दाम हळू चढा, घामाचा ओघ थोडा ओसरतो. सोबत्यांशी माथ्यापर्यंत शर्यत लावायची हौस उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

माथ्यावरची पहिली दोन मिनिटं कपड्यांची. फोन नाही, चहा नाही, दर्शनही नंतर. ओला आतला शर्ट काढा, पंच्यानं अंग पुसा, पिशवीतला कोरडा शर्ट घाला आणि लगेच विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढा. अंगात अजून ऊब असतानाच हे करायचं. थंडी वाजायला लागल्यावर घातलेला कपडा आतला गारवाच धरून ठेवतो. "मला नाही वाजत अजून" म्हणणारे मित्र असतात. त्यांना तिसऱ्या वळणावर विचारा.

कपडे बदलायला आडोसा नसेल तर वर्तमानपत्र. कालचा पेपर, चार-पाच पानं एकत्र घडी करून, आतला शर्ट आणि वरचा कपडा यांच्यामध्ये छातीवर सरकवायचा. कागद वारा अडवतो, घामही थोडा टिपतो. युरोपातले शर्यतवाले आल्प्सच्या खिंडी उतरताना हेच करायचे. पैसे लागत नाहीत म्हणून या उपायाला कोणी मान देत नाही, पण महागड्या थर्मल जॅकेटआधी मी हा सांगेन. खाली पोचल्यावर पेपर काढून टाका, ओला कागद ठेवून उपयोग नाही.

छातीवर इतका भर देण्याचं कारण बोटांतच आहे. धड गार पडायला लागलं की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. जाडजूड हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात त्याचं उत्तर अनेकदा हातात नसून छातीवर असतं. हातमोजे अर्थातच हवेत, पण इतके जाड नकोत की ब्रेकचा अंदाज येणार नाही. विणलेले लोकरी मोजे वाऱ्यात निरुपयोगी. तेच हाताशी असतील तर आत दवाखान्यात वापरतात तसे पातळ रबरी मोजे घाला. घाम येतो, पण तासाभराच्या उताराला चालतं.

उतरायच्या आधी एक तपासणी करा. मोजे काढा आणि दोन्ही हातांचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला टेकवून बघा. सहज टेकला तर चला. अडखळला, तर तुमची बोटं ब्रेक दाबण्याच्या लायकीची नाहीत, मग सोबतचे कितीही खोळंबोत. हात काखेत धरा. नाहीतर उभं राहून दोन्ही हात खांद्यापासून गोल, जोरात फिरवा, रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकललं जातं. शेकोटी दिसली म्हणून बधिर हात थेट जाळावर धरू नका. कातडी भाजते तेव्हा कळतच नाही. ऊब परत येताना मुंग्या येतात आणि चांगलंच दुखतं, ते ठीक आहे.

उतारावर वेग कमी ठेवा, वळणाच्या बरंच आधी ब्रेक लावा, आणि सरळ पट्ट्यात उगीचच पायडल मारत राहा. त्यानं वेगासाठी काही होत नसलं तरी पाय गार पडत नाहीत. हँडल थरथरायला लागलं तर दोन्ही गुडघे सायकलच्या वरच्या दांड्याला दाबून धरा, हळूहळू वेग उतरवा आणि थांबा. दव पडलेल्या पहाटे रिमवरचे ब्रेक पहिल्या दोन-तीन वेळा उशिरा धरतात, तेही लक्षात असू द्या.

"थोडी ब्रँडी घेऊन निघा" म्हणणारा एक काका प्रत्येक गटात असतो. दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यामुळे ऊब वाटते, आणि प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते. काकांना गाडीत बसवा.

घाट नको असेल तरी हे सगळं सपाटीवरही होतं. त्र्यंबक रस्त्यानं वारा पाठीशी घेऊन, घाम गाळत गेलात आणि येताना तोच वारा समोरून ओल्या अंगावर घेतलात तर अर्ध्या वाटेत हीच हुडहुडी. वाऱ्याविरुद्ध जाण्याचं कष्टाचं काम आधी आणि वाऱ्याबरोबर परतणं नंतर ठेवा, पण मध्ये कोरडा शर्ट हवाच.

रस्त्यावरचे इतर

दिंडोरी आणि निफाडच्या बाजूला या दिवसांत ऊसाच्या ट्रॉल्या असतात, अनेकींना मागे दिवा नसतो. द्राक्षबागांकडे मजूर घेऊन जाणाऱ्या पिकअप पहाटे वेगात असतात. धुक्यात मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. विझलेल्या शेकोटीच्या राखेत झोपलेली कुत्री सायकलच्या आवाजानं उठतात. अशा जागेजवळ वेग कमी करा. बागेत फवारणी चालू असेल तर तोंड झाका आणि लवकर पुढे निघा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका, अर्ध्या तासाला दोन घोट.

मिसळ

नाशकात सायकलची फेरी मिसळीशिवाय संपत नाही, आणि थंडीत माणूस इथेच गारठतो. उघड्या अंगणातली बाकडी, पाऊण तासाची रांग, अंगात ओला शर्ट. तर्रीनं घाम येतो तो वेगळाच. कोरडा शर्ट माथ्यावर वापरला नसेल तर इथे वापरा, उन्हातलं बाकडं पकडा, आणि जेवून झाल्यावर पहिली पाच मिनिटं पुन्हा हलक्या गिअरवर. घर पाच किलोमीटरच्या आत असेल तर मी आधी घरी जाऊन आंघोळ करतो आणि मग मिसळीला येतो. मित्र हसतात.

ओले कपडे पिशवीत गुंडाळून ठेवू नका, दुपारच्या उन्हात तासाभरात वाळतात. विंडचीटर उलटा करून वाळत घाला, घामाचं मीठ आतल्या बाजूला असतं.